कच्छ: समुद्र सरला, माणसं राहिली

काळा डुंगर हा कच्छमधला सर्वांत उंच डोंगर. उंची जेमतेम ४६० मीटर, पण माथ्यावरून उत्तरेला पाहिलं की नजरेला अडवणारं काहीच उरत नाही. वर दत्तात्रेयाचं देऊळ आहे. तिथे रोज आरतीनंतर कोल्ह्यांसाठी भाताचा प्रसाद ठेवतात. महाराष्ट्रातून येणारी मंडळी दत्ताला हात जोडतात, समोरच्या पांढऱ्या रणाचे फोटो काढतात आणि परतताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: इथे काहीच नाही. हे वाक्य जुनं आहे. राजे, इंग्रज अधिकारी, वनखातं, नियोजनकार या सगळ्यांनी आपापल्या काळात ते उच्चारलं. ते खरं नाही, आणि त्यापायी कच्छचं फार नुकसान झालं आहे.

कच्छ जिल्ह्याचं क्षेत्रफळ ४५,६७४ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एक सप्तमांश. देशात एवढा मोठा जिल्हा दुसरा नाही, आणि त्याचा बराचसा भाग मोठ्या आणि छोट्या रणाने व्यापला आहे. हे वाळूचं वाळवंट नव्हे. एके काळी इथे अरबी समुद्राचा उथळ फाटा होता. नद्यांच्या गाळाने तो भरत गेला, जमीन उचलली गेली आणि समुद्र मागे हटला. आजही पावसाळ्यात रणावर पाणी चढतं. राजस्थानातून लुणी येते, पश्चिमेकडून वाऱ्याने ढकललेलं समुद्राचं पाणी येतं. पुढे ऊन ते पाणी आटवतं आणि मिठाचा थर उरतो. पच्छम, खदीर, बेला ही रणातली उंचवट्याची ठिकाणं आजही ‘बेट’ म्हणूनच ओळखली जातात.

या बेटांवरची माणसं किती जुनी? खदीरच्या परिसरात शिंपल्यांचे प्राचीन ढीग सापडले आहेत. ते हडप्पा संस्कृतीच्या कितीतरी आधीच्या, मासे-शिंपले वेचून जगणाऱ्या लोकांचे आहेत. त्यात तिवरांच्या चिखलात राहणाऱ्या गोगलगायी आहेत. आज जिथे गवताची काडी सापडणं मुश्कील, तिथे तेव्हा तिवरांची दाट राई होती आणि तिच्या आधाराने घरं चालत होती.

मग आलं खदीरवरचं हडप्पाकालीन नगर, धोलावीरा. १९६० च्या दशकात जगत्पती जोशी यांनी ते उजेडात आणलं. १९९० च्या सुमारास रवींद्रसिंह बिष्ट यांनी सुरू केलेलं उत्खनन दीड दशक चाललं, आणि २०२१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. इसवी सनापूर्वी ३००० ते १५०० असा साधारण दीड हजार वर्षांचा या नगराचा काळ. इथे जरा थांबायला हवं, कारण कच्छ समजून घ्यायचा रस्ता या गावातून जातो.

हडप्पा आणि मोहेंजोदडो नदीकाठी वसली. धोलावीऱ्याजवळ बारमाही नदी नव्हती. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे, तेही पावसापुरते. वर्षाला तीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस, आणि त्याचीही खात्री नाही. ज्यांनी जागा निवडली त्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी ओढ्यांवर बांध घातले, पाणी वळवलं आणि तटबंदीच्या आतल्या बाजूने एकापुढे एक तलाव खोदले. काही तलाव थेट खडकात कोरलेले आहेत. पूर्वेकडच्या मोठ्या तलावाची लांबी सत्तर मीटरांहून अधिक आहे आणि त्यात उतरायला पायऱ्या आहेत. किल्ल्यावर पडणारा पाऊससुद्धा दगडी नाल्यांतून टाक्यांकडे नेलेला दिसतो. माणूस वाकून चालू शकेल एवढे काही नाले मोठे आहेत. नगराच्या क्षेत्राचा फार मोठा हिस्सा पाण्यासाठी राखलेला होता. मला या नगराचं सर्वांत मोठं वैभव हेच वाटतं. राजवाड्यांपेक्षा आणि तटांपेक्षा तिथल्या लोकांनी पाण्याला जास्त जागा दिली.

उत्तरेच्या दरवाज्यालगतच्या दालनात एक फलक सापडला. लाकडी फळीवर पांढऱ्या जिप्समचे तुकडे बसवून केलेली दहा मोठी चिन्हं. लाकूड कुजून गेलं, अक्षरं मातीत जशीच्या तशी राहिली. ती अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. नगराच्या अखेरच्या काळात तिथे आलेल्या लोकांनी चौकोनी घरांची रीत सोडून गोल घरं बांधली. आजच्या बन्नी कुरणातली मातीची गोल घरं, म्हणजे ‘भुंगे’, पाहताना ती आठवतात.

पुढची दीडएक हजार वर्षं झटकन ओलांडून खावड्याजवळच्या अंधौ गावी यावं. तिथे शक क्षत्रपांच्या काळातले दगडी स्मृतिस्तंभ मिळाले. आज ते भुजच्या कच्छ संग्रहालयात आहेत. १८७७ साली सुरू झालेलं हे गुजरातमधलं सर्वांत जुनं संग्रहालय. स्तंभांवर चष्टन आणि त्याचा नातू रुद्रदामन यांची नावं आहेत आणि वर्ष आहे ५२. हे वर्ष त्याच शकाचं, जो आपल्या घरातल्या पंचांगावर आजही छापला जातो. म्हणजे इसवी सन १३०. मजकूर राजस्तुतीचा नाही. मदन नावाच्या माणसाने बहीण, भाऊ आणि पत्नी यांच्या आठवणीसाठी हे दगड उभे केले. रणाच्या काठावर तेव्हा माणसं राहत होती, मरत होती, आणि मागे उरलेले दगडावर त्यांची नावं कोरून घेत होते.

मध्ययुगात सिंधमधून आलेल्या जाडेजा राजपुतांनी कच्छवर राज्य केलं. पहिल्या राव खेंगारजींनी १५४९ साली भुजला राजधानी केली. राज्याचं स्वतःचं नाणं होतं, त्याला ‘कोरी’ म्हणत. अठराव्या शतकात राव लखपतजींनी भुजमध्ये ब्रजभाषेत काव्य शिकवणारी पाठशाळा काढली. हॉलंडमध्ये कसब शिकून आलेल्या रामसिंह मालमने त्यांच्यासाठी आईना महाल सजवला. मांडवीच्या बंदरात जहाजं बांधली जात आणि तिथले खारवे मस्कत, झांझिबारपर्यंत जात. शेतीचा भरवसा नसलेल्या प्रदेशाने समुद्राला शेत मानलं होतं.

तरी वायव्येकडच्या लखपतला खरीखुरी शेती होती. सिंधू नदीचा एक पूर्वेकडचा फाटा कोरी खाडीत येऊन मिळत असे आणि त्याच्या गोड्या पाण्यावर भात पिकत असे. कच्छमध्ये भात! आज लखपतच्या तटावर उभं राहून हे पटत नाही. १७६२ साली सिंधचा गुलाम शाह कल्होरो कच्छवर चालून आला. झारा इथे मोठी लढाई झाली. त्यानंतर त्याने वरच्या अंगाला बांध घालून हा फाटा अडवला. भातशेती माणसाने मारली. जे थोडं उरलं ते १६ जून १८१९ च्या संध्याकाळी भूकंपाने नेलं. सिंद्री नावाचा जकातीचा छोटा किल्ला भोवतालच्या जमिनीसकट खचला आणि पाण्याखाली गेला. तिथल्या लोकांनी उरलेल्या बुरुजावर चढून जीव वाचवला. उत्तरेला त्याच वेळी ऐंशीएक किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी सहा मीटर उंचीचा बांध जमिनीतून वर आला. माणसाने न बांधलेला म्हणून लोकांनी त्याला अल्लाहबंध म्हटलं. भूकंपाने जमिनीची उंची बदलते याचा हा इतका ठळक पुरावा होता की भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथात सिंद्रीचं चित्र छापलं. १८२६ साली सिंधूच्या पुराने अल्लाहबंध फोडला, पण ते पाणी टिकलं नाही. लखपतचा सुमारे सात किलोमीटरचा तट अजून उभा आहे. आत गुरू नानकांच्या मुक्कामाची आठवण सांगणारा गुरुद्वारा आहे, पीराची नक्षीदार कबर आहे आणि मोजकी घरं आहेत.

लोक मात्र संपले नाहीत, ते पांगले. भाटिया, लोहाणा, खोजा, मेमन, ओसवाल अशी कच्छी कुटुंबं एकोणिसाव्या शतकात मुंबईला आली. मशीद बंदरच्या गोदामांपासून मुलुंडच्या पेठेपर्यंत त्यांनी शहराचा व्यापार घडवला. आपण चवीने खातो ती दाबेली मांडवीची. मांडवीचेच श्यामजी कृष्णवर्मा. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीवरून त्यांच्यामार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर १९०६ साली सावरकर लंडनला गेले. १९५६ ते १९६० ही चार वर्षं तर कच्छ आणि विदर्भ, मराठवाडा एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होते. हे आज फारसं कुणाच्या लक्षात नाही.

फाळणीने कराची बंदर गेलं तेव्हा कांडला उभं राहिलं, आणि सिंधी निर्वासितांसाठी शेजारी गांधीधाम वसलं. १९६५ च्या एप्रिलमध्ये रणातच भारत-पाकिस्तान चकमकी झाल्या. आंतरराष्ट्रीय लवादाने १९६८ साली वादातल्या भागाचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला दिला. तोवर थोडीफार सैल असलेली सीमा पक्की बंद झाली, आणि सिंधशी जोडलेली चराईची आणि सोयरिकीची वाट तुटली.

याचा फटका बसला तो बन्नीच्या मालधारींना, म्हणजे पशुपालकांना. बन्नी हे रणाच्या दक्षिण कडेचं अडीच हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचं गवताळ कुरण. जत, मुतवा, हालेपोत्रा, नोडे अशा समाजांचं हे घर. त्यांच्या म्हशी रात्री चरायला जातात आणि पहाटे आपल्या आपण परततात. म्हशींच्या या जातीला २०१० साली अधिकृत मान्यता मिळाली. पाण्यासाठी मालधारी खोलगट जागी ‘विरडे’ खोदतात. पावसाचं गोडं पाणी हलकं असल्याने जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर साईसारखं तरंगत राहतं. विरडा उथळ ठेवायचा, आतून लाकडाची चौकट आणि गवत लावायचं, पाणी बेताने काढायचं आणि खारेपणा चढू लागला की दुसऱ्या विरड्याकडे वळायचं. धोलावीऱ्याच्या अभियंत्यांइतकंच हे शास्त्र पक्कं आहे.

१९६० च्या दशकात वनखात्याने रणाची आगेकूच थांबवण्यासाठी इथे परदेशी बाभूळ लावली. लोक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. तिने कुरणाचा मोठा भाग गिळला. जिथे शेकडो वर्षांचं गवत होतं, तिथे ‘काहीच नाही’ असं धरून झाडं लावली गेली. छोट्या रणात तेच दुसऱ्या रूपात दिसतं. पावसाळा सरला की अगरिया कुटुंबं मुलाबाळांसह रणात उतरतात, विहिरी खोदून जमिनीतलं खारं पाणी उपसतात आणि उन्हाळा तापेपर्यंत मीठ पिकवतात. स्वातंत्र्यानंतर या जमिनीची मोजणीच झाली नाही. सरकारी दप्तरात तिचा सर्व्हे नंबर आहे शून्य. १९७३ साली इथे रानगाढवांचं अभयारण्य झालं. ते हवंच होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबणाऱ्यांच्या हक्काचा कागद कुणाकडे नव्हता.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने भचाऊ, अंजार, भुज जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसं गेली. गोल भुंगे मात्र पुष्कळ ठिकाणी टिकले. पुनर्बांधणीत रस्ते आणि कारखाने आले. २०२२ साली नर्मदेचा कालवा मांडवी तालुक्यापर्यंत पोचला. आता खावड्याजवळ ७२,६०० हेक्टरांवर सौर आणि पवन ऊर्जेचा प्रकल्प उभा राहतो आहे, क्षमता ३० हजार मेगावॅट. देशाला ही वीज हवी आहे, याबद्दल शंका नाही. पण ही जागा निवडताना पुन्हा ‘पडीक’ असाच शेरा मारला गेला. जवळच रोहित पक्ष्यांची वीण होते. ठाण्याच्या खाडीत आपण ज्यांना पाहायला जातो, त्यांच्यापैकी पुष्कळ कच्छमधून येत असावेत. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९४० च्या दशकातच या वसाहतींचं महत्त्व लिहून ठेवलं होतं. बन्नीपुरती थोडी दाद मिळाली आहे. २०२१ साली राष्ट्रीय हरित लवादाने तिथली अतिक्रमणं काढायला सांगितलं आणि मालधारींचा चराईचा हक्क मान्य केला.

बहुतेक पर्यटक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, रणाकाठच्या धोरडो गावी त्यांच्यासाठी तंबू लागतात त्या हंगामात येतात. जमल्यास एकदा आषाढात यावं. रण तेव्हा पाण्याखाली असतं आणि आत जाता येत नाही, पण आषाढ शुद्ध द्वितीयेला कच्छी लोकांचं नवं वर्ष सुरू होतं. पाऊस चांगला झाला तर भुजचा हमीरसर तलाव काठोकाठ भरून वाहू लागतो. त्या दिवशी शहराला सुट्टी मिळते, तलावाची पूजा होते, आणि मेघलाडू खाऊन लोक पाणी पाहायला गर्दी करतात.