गच्चीवरची बाग आणि साठीनंतरची पावले

आपल्याकडील अनेक इमारतींत लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबते. गच्ची गाठायची तर पुढचा जिना पायीच चढावा लागतो, आणि वर नळ असतोच असे नाही. तरीही पाण्याच्या टाकीमागे, कठड्यालगत, कुणाच्या फारशा नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात मोगरा, तुळस, गवती चहा आणि सदाफुलीच्या कुंड्या वर्षानुवर्षे तग धरून असतात. त्यांची निगा राखणारे हात बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेले असतात.

अशी बाग मनाला आधार देते, दिवसाला आकार देते आणि सांध्यांना हालचाल देते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो तिथवर पोहोचण्याचा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे भरलेली मध्यम बादली पंधरा किलोंची. ती घेऊन जिना चढताना कठड्याला धरण्यासाठी एकच हात उरतो आणि शरीराचा तोल एका बाजूला झुकतो. दुहेरी नंबरच्या चष्म्याच्या खालच्या भिंगातून पायऱ्या अस्पष्ट दिसतात. वाढत्या वयात हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते. त्यानंतर कित्येकांचे पूर्वीसारखे स्वावलंबी चालणे परत येत नाही.

दुसरा धोका कमी परिचित आहे. खाली वाकून किंवा उकिडवे बसून तण काढल्यावर एकदम उभे राहिले की काहींच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरला, तर तो दोष मानला जातो. रक्तदाबाची, प्रोस्टेटची आणि झोपेची काही औषधे ही प्रवृत्ती वाढवतात. असा अनुभव येत असल्यास औषधे परस्पर बंद करू नयेत. बसलेल्या आणि उभ्या स्थितीतील रक्तदाब डॉक्टरांकडून मोजून घ्यावा.

अशा वेळी घरची मंडळी सहसा एकच उपाय योजतात: ‘आई, आता गच्चीवर जायचे नाही.’ माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना मुलाने असेच बजावले होते. गच्चीवरचा मोगरा त्यांच्या यजमानांनी लावलेला. त्या मुलाचे ऐकत राहिल्या, पण दुपारी घरातली माणसे झोपली की एकट्याच वर जाऊ लागल्या. बंदीमुळे धोका टळला नव्हता. फक्त तो कुणाला दिसेनासा झाला होता. शेवटी मोगऱ्याची कुंडी नातवाने खालच्या उन्हाच्या गॅलरीत आणून ठेवली आणि त्या लपतछपत फेऱ्या थांबल्या.

म्हणून माळ्याला बागेपासून तोडण्याऐवजी बाग माळ्याच्या हाताशी आणावी. रोज पाणी लागणारी झाडे गॅलरीत कमरेइतक्या उंचीच्या भक्कम बाकावर ठेवावीत. गच्चीवर कोरफड, अडेनियम, बोगनवेल अशी कमी पाण्यावर जगणारी झाडे राहू द्यावीत. मोठ्या कुंडीत भाजलेल्या मातीचे छोटे, रोगण न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे आणि वर झाकण ठेवावे. भोवतालची माती कोरडी पडू लागली की मडक्यातून पाणी झिरपत राहते. मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास ओल अधिक टिकते. मातीत कोकोपीट मिसळल्यास कुंडी हलकी होते. वर नळ असेल तर ठिबकची नळी बसवावी. नसेल तर पाणी वाहण्याचे काम तरुण हातांकडे सोपवावे आणि देखरेख ज्येष्ठांनी करावी.

वर जायचेच असेल तर सकाळच्या गारव्यात जावे. पायांत घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे असावीत. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना तापलेल्या गच्चीचा चटका जाणवत नाही आणि फोड उशिरा लक्षात येतात. खिशात मोबाईल ठेवावा आणि घरात सांगून जावे; गच्चीचे दार आतून कुणी लावून घेतल्याचे प्रसंग विरळ नाहीत. खुरप्याने जखम झाली तर ती वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस शेवटी कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगावे.

नजरेआडच्या बागेत आणखी एक पाहुणा वाढतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या ताटलीतील स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अनुकूल हवेत आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात, आणि कोरडी पडलेली अंडीही काही महिने तग धरतात. त्यामुळे ताटली नुसती उपडी करून भागत नाही; आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करावी.

येत्या रविवारी घरातील तरुणांनी आजी-आजोबांसोबत एकदा वर जावे, कुंड्या मोजाव्यात आणि कोणत्या खाली आणायच्या हे त्यांनाच ठरवू द्यावे.