चाळिशीनंतरची अरबी

कुरआन नाजरा वाचायला मी सातव्या वर्षी शिकले. अरबी व्याकरण हाती घेतले ते बेचाळिसाव्या वर्षी. उर्दू घरची, लिपी ओळखीची, म्हणून निम्मे काम झालेलेच आहे असे मैत्रिणी म्हणत.

उच्चारांनी मात्र दमवले. से, सीन आणि स्वाद ही तिन्ही अक्षरे उर्दूत आपण 'स' अशीच बोलतो. अरबीत ते तीन वेगळे ध्वनी. इतक्या वर्षांची जीभ आरशासमोर बसून वळवावी लागली.

ओळखीचे शब्दही जपून घ्यावे लागतात. अरबी 'गरीब' म्हणजे परका, अनोळखी. 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती. उर्दूत तिचे भांडण झाले आणि मराठीत ती 'तक्रार' होऊन कचेरीत गेली!

पण माद्दा, म्हणजे शब्दाची मूळ अक्षरे, मोठ्या माणसाला लवकर उमगतो. क-त-ब मधून किताब, कातिब, मकतब, मकतूब. शब्द आपल्याजवळ असतातच, फक्त धागा दिसायचा असतो. (हा 'फक्त'सुद्धा अरबीच.)

इशानंतर अर्धा तास मी वही घेऊन बसते, शेजारी अम्मी तसबीह घेऊन. एकदा र-ह-म चालले होते: रहमान, रहीम, रहमत आणि मरहूम. मरहूम, म्हणजे ज्याच्यावर दया केली गेली तो. अम्मीचा हात थांबला. अब्बांच्या नावाआधी अकरा वर्षे ती हा शब्द लावते आहे. तिच्या लेखी त्याचा अर्थ 'वारलेले' एवढाच होता.

"फिर से पढ, बेटा," ती म्हणाली.

आता वही उघडण्याआधी तीच विचारते, आज कुठली तीन अक्षरे?