विश्लेषण : घाटात ट्रकचा क्लच का जातो? प्लेट बदलताना पायलट बुश का विसरू नये?

म्हसळ्याहून पुण्याकडे निघालेल्या मालट्रकला आधी घोणसे घाट आणि माणगाव ओलांडल्यावर ताम्हिणी घाट लागतो. बर्फातली मासळी असो, आंब्याच्या पेट्या असोत की जांभ्याचा चिरा, भरलेली गाडी चढवताना सर्वाधिक झीज सोसतो तो क्लच. तो बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. एवढे करूनही एक छोटा, स्वस्त भाग जुनाच ठेवला, तर काही महिन्यांत तेच काम पुन्हा काढावे लागू शकते. तो भाग म्हणजे पायलट बुश.

क्लचचे काम नेमके काय?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणे आणि गरज पडेल तेव्हा तोडणे, हे क्लचचे काम. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती फिरत असते. तिच्यावर प्रेशर प्लेट बोल्टने बसवलेली असते. या दोहोंच्या मध्ये क्लच प्लेट दाबली जाते. क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षण करणारे फेसिंग असते. पेडल दाबले की रिलीज बेरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. पेडल सोडले की पकड पुन्हा बसते.

पायलट बुश कुठे असतो?

गिअरबॉक्समधून पुढे आलेला इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या मधून जातो. त्याचे टोक फ्लायव्हीलच्या किंवा क्रँकशाफ्टच्या मध्यभागी असलेल्या छोट्या भोकात टेकते. या भोकात काही गाड्यांना पितळी रंगाचा, कांशाचा बुश असतो, तर काहींना बॉल किंवा नीडल बेरिंग. कारागीर त्याला पायलट बुश किंवा पायलट बेरिंग म्हणतात. शाफ्टचे टोक मध्यावर धरून ठेवणे एवढेच त्याचे काम.

पेडल सोडलेले असते तेव्हा इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे बुश घासत नाही. पेडल दाबल्यावर इंजिन फिरत राहते, शाफ्टचा वेग मात्र उतरतो. तेव्हाच बुशाची झीज होते. म्हणजे जिथे क्लच जास्त वापरला जातो, तिथे बुशही जास्त झिजतो. घाटात, गर्दीत आणि बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यांवर नेमके हेच घडते.

घाटात क्लच लवकर का जातो?

कारण ‘हाफ क्लच’. चढणीवर गाडी मागे सरकू नये म्हणून अनेक चालक ब्रेकऐवजी अर्धवट दाबलेल्या क्लचवर ती तोलून धरतात. त्या वेळी प्लेट घसरत राहते आणि इंजिनाची ताकद चाकांना न मिळता उष्णतेत जाते. समजा, मध्यम ट्रकचा क्लच ४०० न्यूटन मीटर बल पेलतो आहे आणि इंजिन व शाफ्ट यांच्या वेगात मिनिटाला १००० फेऱ्यांचा फरक आहे. अशा वेळी सुमारे ४२ किलोवॅट उष्णता तयार होते. दोन किलोवॅटचे २१ गिझर एकदम चालू करावेत, इतकी ही उष्णता. ती एका बंद डब्यात साठते. फेसिंग जळते, फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात आणि तडेही जाऊ शकतात. वजनापेक्षा जास्त माल भरलेला असेल, तर हे आणखी लवकर होते.

बिघाड कसा ओळखावा?

वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतो आहे. चढणीवर हे आधी जाणवते. सोबत जळका वास येतो. गाडी उचलताना हादरे बसत असतील तर फेसिंगला तेल लागले असण्याची, फ्लायव्हील खराब असण्याची किंवा प्लेट मध्यावर नसण्याची शक्यता असते.

आवाज कधी येतो, हेही महत्त्वाचे. पेडल जरासे दाबताच आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेरिंगवर. पेडल पूर्ण दाबून, गिअर टाकून गाडी उभी असताना कर्कश आवाज येत असेल तर पायलट बुशावर. गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेले असताना येणारा आवाज पेडल दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सचे पुढचे बेरिंग तपासावे. पेडल पूर्ण दाबूनही पहिला किंवा रिव्हर्स गिअर करकर करत पडत असेल, तर बुश शाफ्टला आवळून बसलेला असू शकतो. मात्र क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा शिरली असेल किंवा पेडलचा प्ले बिघडला असेल, तरी हेच लक्षण दिसते. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवण्याआधी या दोन गोष्टी पाहून घेणे शहाणपणाचे.

बुश जुनाच ठेवला तर काय होते?

झिजलेल्या बुशात शाफ्टचे टोक थरथरते. त्यामुळे नवी प्लेट सरळ बसत नाही, तिचे दाते झिजतात आणि गाडी उचलताना हादरे बसतात. गिअरबॉक्सच्या पुढच्या बेरिंगवर आणि ऑइल सीलवर ताण येतो. सील गेले की गिअर ऑइल प्लेटवर उडते आणि नवा क्लचही घसरू लागतो. या बुशाला बाहेरून तेल-ग्रीस देण्याची सोय नसते. तो बदलण्यासाठी पुन्हा गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. या संपूर्ण कामातला हा सर्वांत स्वस्त भागांपैकी एक. महाग असते ती मजुरी आणि गाडी उभी राहिलेले दिवस. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरले जात नाहीत. त्यामुळे हप्ते भरणाऱ्या एका गाडीच्या मालकाला हा खर्च खिशातूनच करावा लागतो.

काम होताना मालकाने काय पाहावे?

गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून उभी हवी. गिअरबॉक्स जड असतो. तो योग्य जॅकवरच उतरवावा. दगड-विटांच्या टेकूवर काम जिवावर बेतू शकते. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसावे, मास्क वापरावा.

फ्लायव्हीलवर चरे किंवा डाग असतील तर कंपनीने दिलेल्या मर्यादेत ते लेथवर साफ करून घ्यावे. तडे असतील तर बदलावे. क्रँकशाफ्टचे मागचे आणि गिअरबॉक्सचे पुढचे ऑइल सील याच वेळी पाहावे. रिलीज बेरिंगही सहसा सोबतच बदलतात. सच्छिद्र कांशाचा बुश तेल शोषून ठेवतो. तो बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवावा, ग्रीसने त्याची छिद्रे बुजवू नयेत. बेरिंग असेल तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे ग्रीस लावावे. बुश थेट हातोडीने न ठोकता योग्य मापाच्या गोल ठोकणीने सरळ बसवावा आणि शाफ्टचे टोक त्यात सहज फिरते का, ते पाहावे.

प्लेट मध्यावर आणण्यासाठी डमी शाफ्ट किंवा जुना इनपुट शाफ्ट वापरतात. फ्लायव्हीलकडची बाजू प्लेटवर लिहिलेली असते. ती उलटी बसता कामा नये. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नये, नाहीतर नवी प्लेट पहिल्याच दिवशी वाकते. काढलेले जुने भाग आणि पक्के बिल मालकाने मागून घ्यावे.

पावसाळ्यात वेगळी काळजी का?

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या काळात मासळीच्या अनेक गाड्या उभ्या असतात. खारी, दमट हवा आणि मुसळधार पाऊस यांमुळे फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि क्लच प्लेट त्याला चिकटते. मग पेडल दाबले तरी गिअर पडत नाही. आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून, क्लच काही वेळा दाबून गाडी थोडी पुढे-मागे घेतली तर हे टळते. क्लचचे काम काढायचेच असेल तर हंगामाच्या तोंडावर थांबण्यापेक्षा हा काळ सोयीचा.

चालकांनी काय करावे?

चढणीवर थांबताना गाडी ब्रेकवर धरावी, क्लचवर नाही. चढावर गाडी उचलताना हँडब्रेकचा आधार घ्यावा. पाय सतत पेडलवर ठेवू नये. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडू नये. इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असे २०१७ च्या वाहनचालन नियमावलीतही सांगितले आहे. उतरणारी गाडी थांबली तर भरलेल्या ट्रकला चढणीच्या मध्यावर थांबून पुन्हा उचल घ्यावी लागत नाही. नवा क्लच बसवल्यावर पहिले काही दिवस जड माल आणि मोठी चढण टाळावी, म्हणजे फेसिंग नीट बसते. घाटात क्लच घसरू लागलाच, तर तसेच रेटू नये. सुरक्षित जागी थांबून, चाकांना ओट लावून, मागे त्रिकोणी फलक ठेवून क्लच थंड होऊ द्यावा. पुन्हा घसरत असेल तर माल दुसऱ्या गाडीत घेणे आणि ट्रक ओढून नेणे हेच बरे.