पर्शियन की सयामी?

मुंबई-पुण्यातल्या पेट शॉपमध्ये पर्शियन मांजराची किंमत बरीचशी नाकावरून ठरते. नाक जरा पुढे आलेलं असेल तर ‘डॉल फेस’, थोडं आत गेलेलं असेल तर ‘सेमी पंच’ आणि पार दोन डोळ्यांच्या मधे चेपलेलं असेल तर ‘पंच फेस’. चेहरा जितका चपटा, तितका भाव चढा. घरात मांजर आणू पाहणाऱ्यांनी मात्र हा भाव उलटा वाचलेला बरा. चेहरा चपटा झाला की नाकपुड्या अरुंद होतात आणि दात वेडेवाकडे येतात. डोळ्यांतलं पाणी नाकात उतरवणारी बारीक नळीही वाकते, त्यामुळे ते पाणी गालांवरून ओघळत राहतं आणि तिथले केस तांबूस पडतात. ‘किती गोड घोरतंय’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो बऱ्याचदा श्वास घेण्याचा खटाटोप असतो.

पर्शियनच्या खालोखाल नाव निघतं ते सयामीचं. शौकिनांच्या जगात या दोघी जुन्या शेजारणी आहेत. हॅरिसन वेअर या चित्रकाराने १८७१ च्या जुलैमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात दोन्ही जाती होत्या. वंशावळीच्या बाबतीत मात्र सयामी अधिक खरी. थायलंडच्या जुन्या सचित्र हस्तलिखितांत ती दिसते. १८८४ मध्ये बँकॉकमधल्या एडवर्ड गूल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने ‘फो’ आणि ‘मिया’ ही जोडी इंग्लंडला बहिणीकडे नेली आणि तिथे या जातीची पैदास सुरू झाली. पर्शियनची गोष्ट वेगळी. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने सतराव्या शतकात खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचं वर्णन केलं होतं, पण आजच्या पर्शियनचा डीएनए इराणपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांशी अधिक जुळतो.

इतिहास काही असो, घरी येते ती तिची दिनचर्या. पर्शियन शांत. सोफ्याचा एक कोपरा तिचा, आवाज बेताचा, उड्या कमी. आजी-आजोबा असलेल्या घरात ती छान रमते. पण तिचे केस रोज विंचरावे लागतात, आणि ‘रोज’ म्हणजे खरोखरच रोज. आतले मऊ केस चार दिवसांत गुंततात, मग काखेत आणि पोटाखाली कातडी ओढणाऱ्या जटा होतात. हौसेने मांजर मागणारी मुलं पहिला महिनाभर फणी धरतात. पुढे ते काम कोणाच्या गळ्यात पडतं, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

शिवाय आपला एप्रिल-मे. दाट केस आणि आखूड नाक घेऊन उन्हाळा काढणं तिला जड जातं, त्यामुळे पंखा, गार फरशी, प्रसंगी एसी यांची सोय लागते. पावसाळ्यात तिच्या अंगावरची बुरशी, म्हणजे साधा नायटा, घरातल्या मुलांनाही लागू शकतो. ब्रिटनमधल्या ३,२३५ पर्शियन मांजरांच्या दवाखान्यातल्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास ६५ टक्के मांजरांना किमान एक तरी विकार नोंदलेला होता. सर्वांत वर केसांच्या तक्रारी, त्यामागोमाग दात-हिरड्या.

सयामीचे केस आखूड, आठवड्यातून एकदा हात फिरवला तरी पुरे. तिचा रंग म्हणजे शरीरशास्त्राचा चालता-बोलता धडा. रंगद्रव्य तयार करणारं तिचं एंझाइम उष्णतेत निकामी होतं, म्हणून पिल्लं जवळजवळ पांढरी जन्मतात आणि पुढे शरीराचे गार भाग, म्हणजे कान, नाक, पाय आणि शेपूट तेवढे काळपट होतात. उष्ण हवेत अंग फिकट राहतं, थंडीत गडद होतं.

तिची अडचण केसांची नाही, सोबतीची. सयामी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत माणसाच्या मागे फिरते आणि सतत बोलते. आवाज मोठा, घोगरा, तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता. पहाटे पाचला तो भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जातो. दिवसभर एकटं ठेवलं तर ती पडदे ओरबाडते, शाली-स्वेटर चघळते, अंग चाटून चाटून केस घालवते. दोघेही नोकरीवर, मुलं शाळा-क्लासला, अशा बंद फ्लॅटमध्ये तिला एकटी आणणं हा तिच्यावर अन्याय आहे. आणायचीच तर दोन आणाव्यात. घरून काम करणारं कोणी असेल किंवा खेळायला दहा-बारा वर्षांची मुलं असतील, तर मात्र सयामीइतकं जीव लावणारं मांजर विरळा.

दोन्हींच्या मधला मार्गही माणसाने काढला. १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये क्लाइड कीलर आणि व्हर्जिनिया कॉब यांनी या दोन जातींचा संकर केला. त्यातून पुढे पर्शियनचे केस आणि सयामीचा रंग असलेली ‘हिमालयन’ आली. स्वभावाला जरा मोकळी, पण फणीतून सुटका नाही.

शाकाहारी घरांत आणखी एक प्रश्न येतो. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन हे तिला अत्यावश्यक असलेलं द्रव्य मांस-मासळीत मिळतं, दूध-पोळीत नाही. ते कमी पडलं की दृष्टी जाते, हृदय दुबळं होतं. दूध तर बऱ्याच मोठ्या मांजरांना पचतही नाही. घरात मासळी शिजत नसेल तर चांगल्या कॅट फूडचा खर्च आधीच धरावा, मग जात कोणतीही असो.

निवड पर्शियनची झाली, तर डॉल फेसच बघावं आणि विकणाऱ्याकडे पिल्लाच्या आईबापांचा पीकेडीचा, म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याच्या आजाराचा, तपासणी अहवाल मागावा. दोषी जनुक एका पालकाकडून आलं तरी हा आजार होतो, आणि डीएनए चाचणीत ते कळतं. सयामीच्या पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. ती माणसांना बुजत असेल तर पिल्लू घेऊ नये. दोन्ही पिल्लं बारा आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ राहू द्यावीत, लसीकरणाचं कार्ड तपासावं आणि पिल्लू आणण्याआधी बाल्कनी-खिडक्यांना जाळी बसवून घ्यावी. नव्या घरात पिल्लू पहिले काही दिवस कपाटाखाली दडून बसतं; त्यात फटाक्यांची भर नको, म्हणून दिवाळीच्या सुमारास पिल्लू आणायचं असेल तर तुळशीची लग्नं उरकेपर्यंत ते आईपाशीच राहिलेलं चांगलं.