चांदीवरचं इंद्रधनुष्य: नाण्याचा रंग आपोआप आलेला की आणलेला?

आज आपण जुन्या चांदीच्या नाण्यांवर चढणाऱ्या रंगांबद्दल बोलणार आहोत. सुरुवात मात्र घरापासून करू. लक्ष्मीपूजनाला मांडायचे राणीछाप रुपये आठवा. डबीतून काढले की काळपट, निळसर दिसतात. मग चिंच, राखुंडी, जे हाताला लागेल ते लावून आपण ते लख्ख करतो. आम्हीही वर्षानुवर्षं हेच केलं. पुढे कळलं, की ज्याला आपण मळ समजून घासत होतो, त्याच रंगासाठी जगभरचे संग्राहक जास्तीचे पैसे मोजतात. त्यांचा शब्द आहे टोनिंग.

हा रंग येतो कुठून? हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अगदी अल्प प्रमाणात असतो. लोकर, रबर, काही प्रकारचा पुठ्ठा यांतही गंधक असतं. त्याचा चांदीशी संयोग झाला की सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. सुरुवातीला हा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. आता गंमत बघा. नाण्याला कोणी रंग लावलेला नसतो. थराच्या वरच्या बाजूने परतलेला प्रकाश आणि खालच्या चांदीवरून परतलेला प्रकाश एकत्र येतात. काही रंग एकमेकांना खोडतात, उरलेले आपल्याला दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलात रंग दिसतात ना, तोच हा प्रकार. थर वाढतो तसे रंग ठरलेल्या क्रमाने बदलतात: आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा; दुसऱ्या फेरीत पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा. आणि शेवटी काळा. म्हणजे हे सौंदर्य चांदी काळी पडण्याच्या वाटेवरचा एक मुक्काम आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा मॉर्गन डॉलर. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडलेलं, २६.७३ ग्रॅम वजनाचं, ९० टक्के चांदीचं हे नाणं. लोकांना खिशात एवढं जड नाणं नको होतं, त्यांना कागदी नोटा सोयीच्या वाटत. त्यामुळे हजार-हजार डॉलर भरलेल्या कापडी थैल्या तिजोऱ्यांत दशकानुदशकं पडून राहिल्या. त्यांतल्या पुष्कळशा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर आल्या. थैलीच्या आतली बहुतेक नाणी पांढरीशुभ्रच होती. पण जी कापडाला टेकून होती, त्यांच्यातली काही रंगली. काहींवर तर कापडाच्या विणीचा ठसा उमटला. शेजारच्या नाण्याने जेवढा भाग झाकला, तेवढा पांढरा राहिला आणि उरलेल्या चंद्रकोरीवर रंग चढला.

आता अडचण इथेच सुरू होते. किंमत मिळते म्हटल्यावर रंग ‘आणणारे’ आलेच. गंधकाची रसायनं, थोडी उष्णता, आणि साठ वर्षांचं काम एका दुपारी होतं. आपल्याकडचे ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने असेच गंधकाने काळे करतात. तुम्ही विचाराल, मग प्रयोगशाळेत तपासून घ्यावं की! पण दोन्हीकडे थर त्याच सिल्व्हर सल्फाइडचा. त्यामुळे नुसतं रसायन ओळखून निकाल लागत नाही. बघायचं असतं ते रंग बसला कसा, याकडे.

आम्ही तीन गोष्टी बघतो. पहिली, क्रम. सोनेरीतून जांभळा, जांभळ्यातून निळा असा उतार दिसतो का, की निळा एकदम पांढऱ्याला येऊन भिडतो? दुसरी, अक्षरांच्या कडा. सावकाश आलेला रंग अक्षरांच्या उंचसखलपणाप्रमाणे बदलतो, कधी अक्षराभोवती फिकट किनार सोडतो. घाईने आणलेला रंग पुष्कळदा सगळ्यावरून सपाट पसरतो. तिसरी, झिजलेला किंवा घासलेला पृष्ठभाग. घासल्याच्या बारीक रेषांवर भडक रंग असेल, तर तो दोष झाकायला आणला असण्याची शंका घ्यावी. यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन संस्था नाण्यांची प्रत ठरवतात. रंग शंकास्पद वाटला तर त्या प्रतीचा आकडा न देता तसा शेरा देतात. पण तेही जाणकारांचं मतच असतं.

मग केलेला रंग घ्यायचाच नाही का? आवडला तर जरूर घ्या. फक्त केलेला म्हणून, केलेल्याच्या किमतीत. फसवणूक रंगात नसते, तो रंग काय म्हणून विकला यात असते.

शेवटी पुन्हा आपल्या डबीकडे येऊ. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, जवळजवळ ९२ टक्के चांदीचा. त्यावरही हेच रंग येतात. राखुंडीने घासलं की थर जातोच, पण नाण्यावर बारीक ओरखडे पडतात आणि टांकसाळीची मूळ झळाळी जाते. थर पुन्हा येईल, झळाळी येणार नाही. तेव्हा पूजेसाठी दोन रुपये वेगळे काढा, ते खुशाल उजळा. बाकीचे घासू नका. रबरबँड लावू नका, मऊ पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका, कडेने धरा. आणि खिडकीशी नेऊन एकदा तिरपे करून बघा. काळपट वाटणाऱ्या एखाद्या रुपयावर निळा-जांभळा रंग खेळताना दिसेल. तो कोणी आणलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. कारण डबी तुमच्याच घरातली आहे.