आपत्तीकाळातील भ्रमणध्वनी : एन्नोरचा धडा

चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी समुद्रास मिळते तेथे एन्नोर वसले आहे. २००१ मध्ये कार्यान्वित झालेले व २०१४ पासून कामराजर या नावाने ओळखले जाणारे बंदर, औष्णिक वीजकेंद्रे, खतकारखाना आणि त्यांना लागून मच्छीमारांच्या वस्त्या, असे या भागाचे स्वरूप आहे. जानेवारी २०१७ मध्ये बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेलगळती झाली. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पुरासोबत खाडीत तेल पसरले. त्याच महिन्याच्या २६ तारखेच्या रात्री समुद्राखालील वाहिनीतून अमोनियाची गळती झाल्याने रहिवाशांना घरे सोडावी लागली.

वायुगळतीच्या वेळी वाऱ्याची दिशा कोणती, कोणती वस्ती प्रथम रिकामी करावयाची, हे अग्निशमन दल, पोलीस व रुग्णवाहिका यांनी परस्परांस काही मिनिटांत कळविणे आवश्यक असते. तेथे संपर्क तुटणे म्हणजे जीव धोक्यात येणे होय.

संपर्क का तुटतो?

याची प्रमुख कारणे तीन आहेत. पहिले, वीजपुरवठा खंडित होतो; मनोऱ्याची बॅटरी काही तासच पुरते आणि पुरामुळे जनित्रासाठी डिझेल पोहोचत नाही. दुसरे, मनोऱ्यांना जोडणाऱ्या प्रकाशीय तंतूंच्या तारा तुटतात. तिसरे, सर्वजण एकाच वेळी दूरध्वनी करू लागल्याने जाळ्याची क्षमता अपुरी पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईने आणि डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईने हा अनुभव घेतला.

अर्थशास्त्रीय दृष्टिकोन

दूरसंचार कंपनी नेहमीच्या मागणीनुसार क्षमता उभारते. वर्षातून एखादा दिवस लागणाऱ्या जादा क्षमतेचा खर्च तिला ग्राहकांकडून वसूल करता येत नाही. मात्र त्या दिवशी वाचणाऱ्या प्राणांचा लाभ संपूर्ण समाजास मिळतो. सामाजिक लाभ खाजगी लाभापेक्षा अधिक असतो, तेथे बाजारयंत्रणा अपुरी गुंतवणूक करते. यालाच धन बाह्यता म्हणतात. शासकीय हस्तक्षेपाचे समर्थन येथेच सापडते.

धोरणात्मक उपाय

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये मदतकार्यातील व्यक्तींच्या कॉलना अग्रक्रम देण्याची, तर २०१८ मध्ये आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र ब्रॉडबँड जाळ्याची शिफारस केली. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २० मध्ये अशा संदेशांना अग्रक्रम देण्याची तरतूद असून ते कलम २६ जून २०२४ पासून अमलात आले. आपत्तीच्या वेळी एका कंपनीच्या ग्राहकास दुसरीच्या मनोऱ्यावरून सेवा देणारे अंतर्मंडल रोमिंग हा कमी खर्चाचा उपाय आहे. अमेरिकेने २०१२ च्या कायद्यान्वये ‘फर्स्टनेट’ हे स्वतंत्र जाळे उभारण्याचा मार्ग स्वीकारला.

तथापि, अग्रक्रम मिळण्यासाठी आधी मनोरा चालू राहिला पाहिजे. बंद पडलेल्या मनोऱ्यावर मंत्र्याचा आणि मच्छीमाराचा कॉल सारखाच निरुपयोगी ठरतो. म्हणून एन्नोरसारख्या जोखमीच्या पट्ट्यात मनोऱ्यांसाठी उंच जोती, अधिक काळ टिकणाऱ्या बॅटऱ्या व पर्यायी तारमार्ग यांवर खर्च होणे अगत्याचे आहे. हा खर्च उद्योग, दूरसंचार कंपन्या आणि शासन यांनी कोणत्या प्रमाणात उचलावा, हे आपत्ती येण्यापूर्वी ठरले पाहिजे.