जुन्या लष्करी ट्रकला नवे ब्रेक

सायकलला दोन ब्रेक का असतात? वर्गात हा प्रश्न विचारला, की ‘लवकर थांबता यावे म्हणून’ असे उत्तर येते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पुढच्या आणि मागच्या ब्रेकची मूठ वेगळी, तार वेगळी, रबरी गुटकेही वेगळे. उतारावर एक तार तुटली तरी दुसरा ब्रेक शाबूत राहतो. ही साधी सोय सायकलला आहे. मात्र सहा टन वजनाच्या एका प्रसिद्ध लष्करी ट्रकला ती नव्हती.

हा ट्रक म्हणजे अमेरिकी सैन्यात १९५० च्या सुमारास दाखल झालेला एम-३५. तीन आस, दहा टायर आणि सर्व चाकांना इंजिनाचा जोर. खडबडीत वाटेवर अडीच टन माल न्यायचा म्हणून सैनिक त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणत. पत्त्यांतल्या दुर्रीला इंग्रजीत ड्यूस म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. हा ट्रक इतका दणकट, की सैन्याने काढून टाकल्यावरही शेतकऱ्यांनी, हौशी संग्राहकांनी आणि खेड्यापाड्यांतल्या अग्निशमन दलांनी तो वापरात ठेवला. प्रश्न होता तो ब्रेकचा.

त्याची रचना समजायला एक प्रयोग करून पाहा. सुई काढलेल्या तीन पिचकाऱ्या घ्या आणि तीन तोंडांच्या नळीने त्या एकमेकींना जोडा. आत हवेचा बुडबुडा राहू न देता पाणी भरा. एकीचा दट्ट्या दाबा. उरलेल्या दोन्ही पिचकाऱ्यांचे दट्टे बाहेर सरकतील. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. ट्रकमध्ये तुम्ही दाबलेली पिचकारी म्हणजे मास्टर सिलिंडर आणि उरलेल्या पिचकाऱ्या म्हणजे चाकांजवळचे सिलिंडर. ते ब्रेक-शूंना पसरवून फिरत्या ड्रमवर आतून दाबतात. माणसाच्या पायाचा जोर पुरत नाही, म्हणून एम-३५ मध्ये दाबलेल्या हवेची मदतही घेतली आहे.

आता त्यांपैकी एका पिचकारीची नळी सोडा आणि पुन्हा दाबा. पाणी तिथून बाहेर पडते आणि दुसरीचा दट्ट्या जागचा हलत नाही. एम-३५ चे नेमके हेच दुखणे. सहाही ड्रमना एकच मास्टर सिलिंडर आणि एकच द्रवमार्ग. एका चाकाजवळचा रबरी पाइप फुटला, की पेडल तळाला जाते आणि सगळ्याच चाकांचा ब्रेक नाहीसा होतो.

मग उरतो हातब्रेक. तो चाकांवर नसून मागच्या आसांकडे जाणाऱ्या दंडावर आहे. हा दंड सुमारे ६.७ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते, त्यामुळे दंडावर लावलेले रोधक आघूर्ण चाकापाशी तितक्याच पटीने वाढते. युक्ती छान आहे. पण हा एकुलता एक लहान ड्रम उभी गाडी धरून ठेवण्यासाठी केलेला आहे. धावत्या गाडीची सगळी ऊर्जा पचवणे त्याचे काम नव्हे.

किती असते ही ऊर्जा? समजा, भरलेला ट्रक ८ टनांचा आहे आणि ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने चालला आहे. गतिज ऊर्जा ½mv², म्हणजे ९ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत ३ लिटर पाणी २८ अंशांवरून उकळीला येईल. आणि हे झाले एकदा थांबण्याचे! तोच ट्रक ३०० मीटर उंचीचा घाट उतरला, तर mgh येते जवळजवळ २३५ लाख ज्यूल, म्हणजे तसे २६ वेळा थांबण्याइतकी. म्हणूनच चालक घाट खालच्या गिअरमध्ये उतरतो आणि या ऊर्जेतला बराच वाटा इंजिनावर टाकतो. ड्रम तापला तर तो प्रसरण पावून शूंपासून दूर जातो. चकती-ब्रेकमध्ये चकती तापून जाड होते, म्हणजे गुटक्यांच्या जवळच येते. काही मालक पुढच्या चाकांना चकत्या बसवतात, त्याचे हे एक कारण.

अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना विभागलेले ब्रेक सक्तीचे झाले. सैन्यासाठी खास बनवलेल्या गाड्यांना मात्र हे नागरी नियम लागू नव्हते. त्यामुळे तिथल्या कुटुंबाच्या मोटारीला जे संरक्षण मिळाले, ते ट्रकभर सैनिकांना मिळाले नाही! पुढे हेच ट्रक अग्निशमन दलाकडे आले, तेव्हा त्यांवर पाण्याच्या टाक्या चढल्या. ३,००० लिटर पाणी म्हणजे ३ टन. ‘अडीच टनी’ ट्रकसाठी हे काय ते तुम्हीच पाहा.

यावर मालक करतात तो मुख्य उपाय म्हणजे दुहेरी मास्टर सिलिंडर. एकाच नळकांड्यात दोन दट्टे एकामागे एक असतात. एक पुढच्या चाकांचा द्रव ढकलतो, दुसरा मागच्या चाकांचा. टाकीतही मध्ये भिंत असते. पुढचा मार्ग फुटला, तर त्याचा दट्ट्या रिकामा सरकत टोकाला टेकतो आणि मग मागच्या मार्गात दाब चढू लागतो. पेडल खोल जाते, पण ब्रेक लागतो. ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके मंदन मिळत असेल, तर वरच्या वेगाला ट्रक २२.५ मीटरांत थांबेल. मंदन निम्मे झाले तर ४५ मीटरांत. अंतर दुप्पट झाले खरे, पण ट्रक थांबला.

एक सावधगिरी हवी. एक मार्ग निकामी होण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर दोन्ही एकदम जाण्याची दहा हजारांत एक, असे गणित आपण मांडतो. ते खरे ठरते ते दोन्ही मार्ग स्वतंत्र असतील तरच. दोन्हींकडे तेच जुने तेल आणि तेच कुजके रबर असेल, तर गणित फसते. नेहमीचे ब्रेक-तेल हवेतले बाष्प शोषते. प्रचलित प्रकारच्या ताज्या तेलाचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस हवा असतो. ओलाव्याने तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. तेल उकळले, की वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत दाब पोचत नाही. अमेरिकी सैन्याने १९८० च्या दशकात पाणी न शोषणारे सिलिकोन तेल स्वीकारले, ते यासाठीच.

याच दशकात आलेल्या एम-९३९ या पाच टनी ट्रकमध्ये तर विचारच उलटा केला होता. त्यात स्प्रिंग ब्रेक लावायला बघते आणि हवेचा दाब तिला रोखून धरतो. हवा गेली, की ब्रेक आपोआप लागतो. हीच कल्पना वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये आगगाडीसाठी वापरली होती. तरीही हे ट्रक घसरून उलटत. १९९९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने त्यांच्या अपघातांवर अहवाल दिला. सैन्याने ठरवलेल्या दुरुस्तीत रेडियल टायर आणि चाके जखडू न देणारी ब्रेक-यंत्रणा होती. रिकाम्या ट्रकच्या मागच्या चाकांवर भार कमी असतो. ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लागला, की ती जखडतात आणि नुसती घसरतात. घसरणारे चाक गाडीला बाजूला सरकण्यापासून रोखू शकत नाही, म्हणून ट्रकची शेपूट पुढे यायला बघते. ही यंत्रणा प्रत्येक चाकाचा वेग मोजते आणि जखडू लागलेल्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडून पुन्हा लावते, त्यामुळे चाक फिरत राहते.